काळ्या कागदावरची बुरुल एजे

तोलोमुशचा फोन आला की आमच्या काराकोल गावातली माणसं आधी 'या अल्ला' म्हणायची आणि मगच फोन उचलायची. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? माणूस थडग्यांच्या दगडांवर चेहरे कोरायचा. काळा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर टोकदार छिन्नीनं ठिपके मारत बसायचा, आणि त्या ठिपक्यांतून हळूहळू कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई वर यायची. फोन करून तो एवढंच विचारायचा, "टोपी घातलेला फोटो घेऊ की बिनटोपीचा?" किंवा "दगड तयार आहे, गाडी कधी पाठवता?" पण ऐकणारा आधी घरातली माणसं मोजायचा. रशियात कामाला गेलेल्या निम्म्या गावाच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता, आणि कुणीही तो त्याच्या नावानं ठेवला नव्हता. 'दगड' असं लिहून ठेवला होता.

बाजारातही तीच तऱ्हा. समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची त्याला सवय. गालाचं हाड कुठं उचललंय, भुवई कुठं तुटलीय, हे बघितल्याशिवाय त्याच्याच्यानं साधी गाजरं घेववत नसत. बाया डोक्यावरचा रुमाल पुढे ओढायच्या.

"अके, माझ्याकडे असं बघू नका हो! मला अजून दोन सुना आणायच्यात."

"अगं, गाजरं बघत होतो."

"गाजरं खाली आहेत!"

आजूबाजूचे हसायचे, तोही हसायचा. पण मनातून त्याला वाईट वाटायचं. कारण एके काळी हाच तोलोमुश सामूहिक शेतीच्या फलकांवर गवळणी रंगवायचा. सगळ्यात जास्त दूध काढलेली बाई महिनाभर गावाच्या मधोमध झळकायची, लाल गालांची, हसरी. त्याच्या ब्रशखाली यावं म्हणून बाया एकमेकींवर जळायच्या. मग शेती मोडली, फलकांच्या फळ्या मेंढ्यांच्या कुंपणाला गेल्या, आणि तोलोमुशनं तो धंदा धरला ज्यात गिऱ्हाइकाची कधी टंचाई नसते. तेव्हापासून जिवंत माणसाचा चेहरा काही त्याच्या हातून उतरला नव्हता. कोण बसणार त्याच्यासमोर!

आता बुरुल एजेबद्दल सांगायला हवं. थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो, थोरल्या भावाला अके. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई. बुटकी, रुंद, आणि आवाज असा की इकडे ओरडली तर तलावापलीकडे मेंढ्यांनी माना वर कराव्यात. नवरा लवकर गेला, पोरबाळ झालं नाही. निवृत्त झाल्यावर घरी गप्प बसेल ती बुरुल कसली. शेजारची एक म्हातारी चहात सुका नान बुडवून दिवस काढतेय हे तिला कळलं. म्हातारीचा मुलगा सायबेरियात, सून त्याच्यासोबत. बुरुलनं दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी शोर्पो केला, मटणाचं पातळ सूप, बटाटे घालून. तिसऱ्या दिवशी कळलं की पलीकडच्या गल्लीत असाच एक म्हातारा आहे. बघता बघता मोठं पातेलं लागलं. बेकरीवाल्या तुरदुबेकनं बेकरीमागची खोली वापरायला दिली, आणि बुरुलनं त्या सगळ्या खटाटोपाला नाव दिलं 'गरम वाटी'.

नाव वाटीचं, पण बुरुलचा खरा नियम वेगळाच होता. "वाटी ठेवून पळायचं नाही," ती प्रत्येकाला बजावायची. "खाऊन होईपर्यंत बसायचं. सूप काय, तेही करू शकतात. समोर कोण बसणार?"

गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तोलोमुशचा पाय मोडला तेव्हा बुरुल त्याच्याकडेही यायची. त्याची बायको साबिरा आधीच गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन दूर ओशला. बुरुल वाटी त्याच्या हातात द्यायची आणि स्वतः अर्धवट कोरलेल्या एखाद्या दगडावर बैठक मारायची.

"हा कोण? ईसाबेक ना? नाक चुकलंय."

"फोटोत तसंच आहे, एजे."

"फोटो काय सांगतो मला! माझ्या हातचं जेवलाय तो. नाक डावीकडे होतं."

तोलोमुश पायाला प्लास्टर असताना सरपटत जायचा आणि नाक सुधारायचा. त्या हिवाळ्यात या बाईनं आपल्याला वेड लागू दिलं नाही, असं तो उघड म्हणायचा.

या वर्षी मात्र सगळं बिनसलं. बुरुलच्या हाताखालची एक बाई नातवाला सांभाळायला मॉस्कोला गेली, दुसरीनं सफरचंदांच्या हंगामात जे तोंड फिरवलं ते पुन्हा दाखवलंच नाही. बुरुलचे स्वतःचे गुडघे सुजून टम्म. सामानाची ददात नव्हती बरं का. आमच्या लोकांकडे बटाटे मागा, पोतं आणून टाकतील. मटण मागा, अर्धी मेंढी देतील. पण 'रोज तासभर ये' म्हणा, की सगळ्यांच्या गायी एकदम व्यायला झालेल्या असतात.

तुरदुबेक एक दिवस टोपी हातात घेऊन आला.

"एजे, मी काही वाईट माणूस नाही."

"असं म्हणत येतो तो काहीतरी वाईटच बोलायला येतो. बोल."

"खोली अर्धा आठवडा कुलूपबंद असते. टायरवाला मागे लागलाय. पहिल्या बर्फापर्यंत थांबतो. माणसं जमली तर खोली तुमची, नाहीतर..."

"नाहीतर म्हाताऱ्यांना टायर खायला घालू का?"

तो मान खाली घालून गेला. खरंच वाईट नव्हता तो. आणि बर्फ तर रोज डोळ्यांसमोर खाली उतरत होतं. सकाळी उठून डोंगराकडे बघावं तर पांढरी रेघ कालच्यापेक्षा खाली आलेली. बुरुल दारात उभी राहून त्या रेघेला शिव्या घालायची. हिवाळ्यात आमच्याकडे म्हातारं माणूस आठवडाभर दिसलं नाही तरी कुणाला नवल वाटत नाही. सगळे म्हणतात, थंडी आहे, घरात बसलं असेल. बुरुलला भीती होती ती याचीच.

बुरुलच्या भाचीनं बिश्केकहून एक पोस्टर करून पाठवलं. चकचकीत. त्यात सोनेरी केसांची परकी पोरं हातावर हात ठेवून बत्तीशी दाखवत होती, आणि खाली लिहिलं होतं, 'चला, एकत्र चांगलं करू या.' ते बाजारात लावल्यावर दोघं जण आले. एकानं विचारलं, कर्ज किती टक्क्यानं देता? दुसऱ्यानं विचारलं, दात बसवायला आगाऊ पैसे लागतात का?

बुरुल हसली नाही. पातेल्यापाशी बसून तिनं गुडघे चोळले आणि म्हणाली, "लोकांना माझं तोंड माहीत आहे. या पोरांना कोण ओळखतं इथं?"

तोलोमुश तिथंच चहा पीत बसला होता. त्यानं पेला खाली ठेवला.

"एजे, मी काढू?"

"काय?"

"पोस्टर. तुमचं तोंड."

बुरुलनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? नको रे बाबा. मला अजून जायचं नाहीये."

"मी आधी गवळणी काढायचो."

"मला कुणाचं दूध काढायचंय आता!" ती म्हणाली. पण त्याचा चेहरा पडलेला बघून लगेच नरमली. "बरं, काढ. पण नाक नीट काढ."

तोलोमुश घरी गेला तो तरंगतच. किती वर्षांनी कुणी जिवंत माणसानं म्हटलं होतं, माझं तोंड काढ! रंग काढले तर ते सुकून खडक झालेले. ब्रशाचे केस झडलेले. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं सुरुवात केली, पण हात चालेना. पांढऱ्यावर काळं काढायचं म्हणजे सावली काढायची, आणि त्याच्या हाताला तर इतकी वर्षं काळ्यातून उजेड काढायची सवय. चार कागद फाडले. पाचव्या वेळी त्यानं सरळ काळा जाड कागद आणला आणि पांढरी पेन्सिल घेतली.

मग मात्र बुरुल आपणहून वर आली. रुमालाची गाठ, कपाळावरची आठी, ते दणकट नाक, ओठाच्या कोपऱ्यातलं ते 'बोल, काय हवंय' असं विचारणारं हसू. तोलोमुशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या हातून आजवर इतका चांगला चेहरा उतरला नव्हता, आणि हे शंभर टक्के खरं आहे.

खाली मजकूर हवा. तो त्यानं त्याच्या रोजच्याच वळणदार अक्षरात लिहिला. चेहऱ्याखाली मोठ्या अक्षरात 'बुरुल, अस्करची मुलगी.' त्याखाली, 'हिच्या हातचं गरम जेवण कुणी विसरणार नाही.' मग, 'रविवारी दुपारी बेकरीमागच्या खोलीत सगळ्यांनी या.' आणि 'मदतीला माणसं हवीत' हे जागा उरली नाही म्हणून तळाशी बारीक अक्षरात. सगळ्यात शेवटी, जिथं दगडावर 'तुझ्या मुलांकडून' लिहितात, तिथं बुरुलला मुलं नाहीत म्हणून त्यानं लिहिलं, 'ज्यांना तिनं जेवू घातलं, त्यांच्याकडून.' ही ओळ सुचल्यावर तर तो स्वतःवरच खूश झाला.

बुरुलला त्यानं आधी दाखवलं नाही. तिनं भिंतीवरच बघावं, अशी हौस. फोटोच्या दुकानात प्रती काढल्या आणि रविवारी सकाळी बाजार, बसस्टँड, दवाखाना, मशिदीची भिंत, सगळीकडे स्वतः चिकटवत फिरला. एका म्हाताऱ्यानं थांबून पोस्टर बघितलं, मग तोलोमुशकडे बघितलं, आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून 'आमीन' म्हणाला. तोलोमुशला वाटलं, कामाला आशीर्वाद दिला! माणूस एकदा आनंदात असला की त्याला समोरचं दिसत नाही, दुसरं काय?

अहो, काळ्यावर पांढरा चेहरा, खाली नाव, बापाचं नाव आणि तोलोमुशचं अक्षर. हे अक्षर अख्ख्या काराकोलनं कुठं बघितलं होतं? कबरस्तानात. कुणी खालचा बारीक मजकूर वाचला नाही. ज्यांनी बुरुलला मागच्या आठवड्यात बाजारात पाहिलं होतं, त्यांना वाटलं, काल गेली. ज्यांनी वर्षभर पाहिलं नव्हतं, त्यांना वाटलं, हे वर्षाच्या जेवणाचं बोलावणं आहे, आणि हाय रे देवा, आपल्याला मातीलासुद्धा कळवलं नाही! कुणी फोन करून खात्री का केली नाही म्हणाल, तर ज्या घरात माणूस गेलंय तिथं फोन करून 'खरंच गेली का हो' असं विचारणार कोण?

दुपारी खोलीत बुरुल स्टुलावर बसून गाजरं चिरत होती आणि तोलोमुश बटाटे सोलत होता. मधूनमधून दाराकडे बघत होता. आता येतील माणसं.

आणि कोपऱ्यावरून हंबरडा ऐकू आला.

आमच्याकडे पुरुष मयताच्या घरी मुकाट येत नाहीत. कोपऱ्यावरूनच वाकून, कमरेवर हात ठेवून, मोठ्यानं रडत येतात, म्हणजे घरातल्यांना कळतं की आपलं माणूस आलं. तोलोमुशचे कान या आवाजात मुरलेले. तो सोलायचं थांबला.

"कुणीतरी गेलं, एजे."

बुरुलनं सुरी खाली ठेवली. "माझ्यापैकी कोण? काल तर सगळ्यांना सूप पोचलं! जुमाकादिर तर नाही ना? खोकत होता." दुखऱ्या गुडघ्यांवर ती उठली, रुमाल सारखा केला आणि दाराबाहेर पडता पडताच रडू लागली, कारण या वाटीवरचं कुणीही गेलं तरी ते तिचंच माणूस होतं.

समोरून तिचा चुलत भाऊ किदिराली डोळे मिटून, टाहो फोडत येत होता. "अगं माझ्या गुणी बहिणी! गेलीस गं! आम्हाला न सांगता गेलीस!" तो थेट येऊन बुरुलच्याच खांद्यावर कोसळला. बुरुलनंही त्याला मिठी मारली आणि रडत विचारलं, "कोण गेलं रे किदिराली?"

"बुरुल गेली गं!"

"बुरुल? कुठली बुरुल?"

"कुठली काय? आपली! आपली बुरुल!" किदिरालीनं डोळे उघडले.

त्यानंतर जो आवाज त्याच्या तोंडून निघाला त्याला रडणं म्हणता येणार नाही. तो दोन पावलं मागे उडाला आणि तुरदुबेकच्या पिठाच्या पोत्यावर बसला.

तोवर मागून माणसांची रीघ लागली होती. इस्पितळातल्या जुन्या परिचारिका आल्या, शेजारपाजार आला. सगळ्यांत मोठ्यानं रडत होती उन्झिला, जिनं जर्दाळूच्या एका फांदीवरून बुरुलशी कित्येक वर्षं अबोला धरला होता. "जर्दाळू सगळे तुझेच होते गं! झाडच तुझं होतं!" असं रडत ती आत शिरली आणि दारात बुरुलला बघून तिचा आवाज मधेच तुटला. तुरदुबेकही बेकरीच्या दारात डोळे पुसत उभा होता. बुरुल पाठीमागच्या खोलीत आहे हे या बाबाला माहीत असायला हवं होतं! पण चार लोक रडताना बघितले की आमचा माणूस आधी रडतो, मग विचारतो.

कुणीतरी भिंतीवरून फाडून आणलेलं पोस्टर पुढे केलं. बुरुलनं ते हातात घेतलं.  तोलोमुश पातेल्यामागे उभा होता, हातात अर्धा सोललेला बटाटा. आपल्याला जमिनीनं आत घ्यावं असं त्याला वाटत होतं.

"जिवंत माणसाला काळ्यावर काढलं," मागून एक बाई कुजबुजली. "आता ही वर्ष काढते की नाही बघा."

"या तोलोमुशला हाकला आधी! मेला कावळा!" उन्झिला कडाडली.

बुरुलनं कागद दारातल्या उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "नाक बरोबर आलंय."

किदिराली अजून पोत्यावरच बसून होता.

"मला एक सांगा," बुरुल म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "मी खरंच गेले असते तर तुम्ही काय केलं असतंत? किदिराली, तू?"

"मेंढी कापली असती, एजे. विचारतेस काय?"

"आणलीस का?"

"गाडीत आहे."

"मग उतरव. उन्झिला, तू?"

"मी..." उन्झिलानं नाक पुसलं. "मी बोरसोक तळले असते. तुला आवडायचे ना. आवडतात ना."

"कढई तिकडे आहे. पीठ तुरदुबेक देईल. देशील ना रे? का टायरवाल्याला विचारून देतोस?"

तुरदुबेक पोतं ओढू लागला, ज्यावर किदिराली बसला होता.

बुरुल एवढंच म्हणाली, "कुणी मेलं की बोलवावं लागत नाही तुम्हाला. येता, पाणी भरता, लाकडं फोडता, भांडी घासता. मी त्या वेळी बघायला असणार आहे का? आत्ता करा की. मला बघू दे."

आणि आता सांगतो ते आमच्याच लोकांना जमतं. मयताच्या घरी कुणी कुणाला काम सांगत नाही. ज्याचा हात रिकामा त्यानं काम उचलायचं. सगळे आलेच होते त्या तयारीनं. एकानं बाह्या सरसावल्या, दुसऱ्यानं कुऱ्हाड शोधली, सुना पाण्याच्या बादल्या घेऊन नळाकडे निघाल्या. संध्याकाळच्या आत मोठी पातेली उकळली. त्या दिवशी वाटीत बटाट्यापेक्षा मटण जास्त होतं, आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या समोर खाऊन होईपर्यंत कुणी ना कुणी बसलं होतं. एकीकडे तर दोघं बसले आणि म्हाताऱ्यानं त्यांना बडबडून बेजार केलं.

सगळे पांगल्यावर बुरुलनं तोलोमुशला जवळ बोलावलं. तो आता शिव्या खायला तयारच होता.

"रागावले नाही मी," ती म्हणाली. "पण ऐक. तो चेहरा हातात घेतला ना रे, तेव्हा वाटलं, बघ बुरुल, अशी दिसणार तू. आणि मग या माणसांना बघून रडूच आलं, इतके आले म्हणून. आपल्या वाटीवर असे आहेत, तोलोमुश, ज्यांचा चेहरा तू भिंतीवर लावलास तर कुणीसुद्धा यायचं नाही. त्यांनी काय करायचं?"

तोलोमुश रिकाम्या वाट्या एकात एक ठेवू लागला.

"नानवर हात ठेव. शपथ घे, जिवंत माणसाला पुन्हा काळ्यावर काढणार नाहीस."

त्यानं ताज्या नानवर हात ठेवला आणि शपथ घेतली.

पहिलं बर्फ पडलं तेव्हा खोलीत चूल पेटलेली होती. रडायला आलेले सगळे काही टिकले नाहीत, ते कसे टिकतील? पण उन्झिला टिकली, आणि बुरुलशी मीठ किती घालायचं यावरून रोज भांडू लागली. किदिरालीच्या सुना आळीपाळीनं यायच्या. टायरवाल्याचं नाव तुरदुबेकनं पुन्हा काढलं नाही. पातेलं उचलायला तोच पुढे. काळी पोस्टरं बुरुलनं भिंतींवरून काढून आणायला लावली, पण चुलीत घालू दिली नाहीत. "असू दे. कधीतरी लागेलच," म्हणाली.

तोलोमुशच्या वाट्याला जुमाकादिरचं घर आलं. हा म्हातारा म्हणजे जुना ट्रकवाला, उभा जन्म खिंडीतून ट्रक चालवण्यात गेलेला. कान कमी झालेले, त्यामुळे इंजिनावर ओरडावं तसा बोलायचा. त्याचा मुलगा तालाय कझानला बांधकामावर. आईच्या दगडाच्या वेळी तालायनं तिथूनच तोलोमुशला फोन केले होते, पैसे पाठवले होते, पण येणं काही झालं नव्हतं. वसंतापासून तर बापाला फोनही नव्हता. जुमाकादिर करायचा, पलीकडे नुसती घंटी वाजत राहायची.

"कामात असेल," तो सूप भुरकत ओरडायचा. "उंचावर काम करतो. उंचावर फोन कसा घेणार?"

"खरंय, अके," तोलोमुश म्हणायचा आणि वाटी रिकामी होईपर्यंत बसायचा.

भर थंडीत एक दिवस जुमाकादिर आपणहून तोलोमुशच्या कारखान्यात आला. जाड लोकरी नमद्याचे बूट, फरची टोपी, दाढी गुळगुळीत, छातीवर जुनं पदक लावलेलं. आल्या आल्या त्यानं एक स्टूल ओढलं आणि खिडकीच्या उजेडात ताठ बसला.

"काढ मला," तो ओरडला.

"काय काढू, अके?"

"तोंड. काळ्यावर. बुरुलचं काढलंस तसं."

तोलोमुशनं छिन्नी खाली ठेवली. "अके, असं नका बोलू. मी नानवर शपथ घेतलीय."

"भिंतीवर नको लावूस मग. नुसतं फोनवर पाठव." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बुरुलचं चित्र लावलंस, सगळं गाव आलं. मला एकच माणूस हवाय."

तोलोमुश त्याच्याकडे बघत राहिला. सवयीनं त्याला सगळं दिसत होतं. गालाचं हाड, तुटलेली भुवई, दाढी करताना कापलेली हनुवटी. दगडावर सुंदर उतरला असता हा चेहरा. आणि उतरायचा होताच कधी ना कधी. तेव्हा आपला फोन तालायला जाणारच होता, आणि तालाय तो उचलणारच होता.

 त्यानं शेगडीवरची किटली उचलली, जुमाकादिरला चहा दिला, मग फडक्याला हात पुसले आणि फोन काढला.

पलीकडे एकच घंटी वाजली. बापाला महिनोन् महिने न मिळालेला तालाय लगेच फोनवर आला. त्याच्यामागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं.

"तोलोमुश अके?"

"हो, मीच. काराकोलहून."

यंत्र बंद झालं. तालायचा नुसता श्वास ऐकू येत होता, जोरजोरात. मग अगदी लहान पोरासारख्या आवाजात त्यानं विचारलं, "कधी?"

तोलोमुशला वाटलं, हे बरोबर नाही केलं आपण. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ताच आलेत. माझ्यासमोर बसून चहा पितायत. दाढी करून, टोपी घालून आलेत. घे, बोल त्यांच्याशी."

त्यानं फोन पुढे केला. जुमाकादिरनं पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी फोन धरला आणि कानाशी नेला.  मग खिंडीतून ओरडावं तसा ओरडला:

"तालाय! अरे रडतोस काय वेड्या? मी आहे. मी आहे रे अजून! जेवलास का?"